भोपळ्याला पाय

शून्य गुण मिळाले की मराठी शाळेत भोपळा मिळाला असं म्हणतात. आमच्या उर्दू शाळेतली मुलं त्याच शून्याला अंडा म्हणतात. मराठीने भोपळ्याला तसा मान कमीच दिला. दोघांचं पटत नसलं की त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, आणि कुणाचे डोळे उघडले की भ्रमाचा भोपळा फुटला. त्याच्या वाट्याला थोडी माया आली ती एका बालगोष्टीत. म्हातारी लेकीकडे जाते, खाऊनपिऊन धष्टपुष्ट होते आणि परतताना भोपळ्यात बसून वाघ-कोल्ह्यांच्या रानातून सुखरूप घरी येते. उर्दू शाळेतही मराठीचा तास असतो. त्या तासाला ही गोष्ट सांगितली की एखादं पोर हमखास विचारतं, ‘एवढ्या रानातून म्हातारीच का गेली? लेक का नाही आली?’

हा प्रश्न आमच्या घरातही चार वर्षं होता. फक्त तो कुणी विचारत नव्हतं.

आम्ही म्हणजे आपाच्या पाठची तीन भावंडं, दोघी बहिणी आणि एक भाऊ. आमच्यातली एक बी.एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. लिहिण्याचं काम तिच्याकडे आलं आहे, पण गोष्ट तिघांची आहे, म्हणून ‘आम्ही’. घर माहीमला. मूळचे आम्ही कोकणी मुसलमान. घरात कोकणी बोलायची, शाळेत उर्दू शिकायची आणि बाजारात, बँकेत, रेशनच्या रांगेत मराठी, अशी आमची वाढ झाली. आपाचं लग्न २००९ साली झालं आणि ती टोरांटोजवळ राहायला गेली. तिची मुलगी तिथेच जन्मली.

मे २०२१ मध्ये आमचे अब्बा गेले. करोनाची दुसरी लाट होती. भारतातून कॅनडाला जाणारी थेट विमानं २२ एप्रिलपासून बंद झाली होती, ती सप्टेंबरअखेर सुरू झाली. आपा इकडे आली असती तर तिला लेकीकडे परत कधी जाता येईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. तिने जनाजा फोनवर पाहिला. दोष कुणाचाच नव्हता, साथ होती. पण दोष कुणाचा नसला म्हणून दुःखाला जागा मिळतेच असं नाही. पुढच्या वर्षी आपा एकटीच आठ दिवसांसाठी येऊन गेली. अम्मी तिच्याशी सगळं बोलली, फक्त त्या दिवसाबद्दल बोलली नाही.

आपा मग दरवर्षी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती एक बाटली पाठवू लागली. पाव लिटरची काचेची बाटली, वर लाल पान. आत मेपल सिरप, म्हणजे मेपल झाडाच्या रसाचा पाक. अम्मी ती बाटली घ्यायची, ओढणीने पुसायची आणि काचेच्या कपाटात ठेवायची. ‘ती आली की उघडू,’ एवढंच म्हणायची. अशा चार बाटल्या झाल्या. चारही बंद.

२०२५ च्या ईदला आपा लेकीला घेऊन आली. भारतात त्या वर्षी रमजान २ मार्चला सुरू झाला. शेवटच्या दहा रोजांसाठी त्या दोघी माहीमला होत्या. आमची भाची बारा वर्षांची. तिला उर्दू वाचता येत नाही, मराठी समजत नाही, कोकणी थोडी समजते पण बोलता येत नाही. रोजे मात्र तिने सगळे ठेवले. इफ्तारच्या वेळी ती दस्तरखानाच्या टोकाला बसायची आणि सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहायची. एका संध्याकाळी तिने आपाच्या कानात काही सांगितलं. आपा म्हणाली, ‘तिला ईदच्या जेवणासाठी काहीतरी करायचं आहे. भोपळ्याचा पाय.’

आमची फुप्पी तिथेच होती. ती म्हणाली, ‘रमजानात पाया शिजतो तो बकऱ्याचा. भोपळ्याला पाय कुठून फुटले?’

आम्ही खूप हसलो. मग आपाने समजावून सांगितलं. मैदा आणि लोण्याची पारी करायची, ती खोलगट थाळीत अंथरायची, तिच्यात भोपळ्याचा गर, अंडी, साय आणि मेपलचा पाक एकत्र करून ओतायचा आणि भट्टीत भाजायचं. कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी आभाराचा सण असतो. पीक घरात आलं म्हणून शुक्र मानायचा आणि घरातल्या सगळ्यांनी एकत्र जेवायचं. हा सोमवार १९५७ साली तिथल्या सरकारने कायमचा ठरवला. अमेरिकेत हाच सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. त्या जेवणाच्या शेवटी भोपळ्याचा पाय लागतोच, जसा ईदच्या सकाळी शीरखुर्मा लागतो. आपाच्या घरी त्या सोमवारी हलाल टर्की आणि बिर्याणी असते, आणि पाय भाची करते. तिला सगळ्यात चांगलं तेच येतं.

फुप्पीचं हसू ओसरलं होतं. ती म्हणाली, ‘ते त्यांच्या सणाचं. आपल्या ईदच्या दस्तरखानावर कशाला?’

आमच्यातल्या शिक्षिकेला राहवेना. तिने फळ्यावर लिहिल्यासारखं सांगायला सुरुवात केली. लाल भोपळा हे मुळात अमेरिका खंडातलं फळ. मिरची, बटाटा, काजू, पेरू हेही तिकडचेच. युरोपीय व्यापाराच्या वाटेने, बहुधा पोर्तुगीजांच्याच गलबतांतून, ते आपल्या किनाऱ्याला लागले. १५३४ मध्ये वसईच्या तहाने मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे गेली, त्यात आपलं माहीमही होतं. म्हणजे भोपळा आपल्या दारात कधीचाच आला आहे. उलट त्या पायात पडणारी दालचिनी श्रीलंका-मलबारकडची, लवंग आणि जायफळ इंडोनेशियाच्या मलुकू बेटांवरचं, आणि सुंठ आशियातली. तेव्हा त्यांच्या सणात निम्मा मसाला आपल्याकडचा आहे, आणि आपल्या भरतात भोपळा त्यांच्याकडचा. शीरखुर्मा तरी माहीमचा कुठे? शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, नावच फारसी आहे.

‘मसाला आपला असेल,’ फुप्पी म्हणाली, ‘सण आपला नाही.’

तिचं म्हणणं अगदीच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिच्या पिढीने बरंच काही हातातून जाताना पाहिलं आहे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर माहीममधल्या अनेकांनी घरं बदलली, कितीतरी इमारती एकाच रंगाच्या झाल्या. आमची इमारत तशीच मिश्र राहिली, पण तेव्हाची भीती फुप्पीच्या अंगात राहिली आहे. जे आपलं म्हणून उरलं आहे ते तरी घट्ट धरून ठेवावं, असं तिला वाटतं. ईदचा दस्तरखान त्यातला एक.

भाचीला शब्द कळले नसतील, सूर कळला. तिने पाककृतीची वही मिटून मांडीखाली सारली. ते अम्मीने पाहिलं. अम्मी म्हणाली, ‘पाहुण्याने आणलेली चीज आपण कधी मागे ठेवली आहे का? करू दे तिला.’

विषय मिटला. पण आपाच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर आम्हाला कळलं की तिला एक शब्द लागला होता. पाहुणी.

बुधवारी, २६ मार्चला, एक पाय करून पाहायचा ठरला. आमच्या घरी ओव्हन नाही. शेजारच्या आंटींकडे आहे. त्या गोव्याच्या, लग्न होऊन माहीमला आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. नाताळात त्यांच्या ओव्हनला दिवसरात्र विसावा नसतो. बुधवारी सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेना असते. १९४८ पासून ती चालत आली आहे आणि त्या दिवशी सगळ्या धर्मांची माणसं तिथे मेणबत्त्या घेऊन येतात, हे माहीमकरांना सांगायला नको. आंटी म्हणाल्या, ‘नोव्हेना करून येते, मग ओव्हन तुमचा.’

सकाळी बाजारातून अख्खा लाल भोपळा आणला. तो फोडायला बसलो तोच खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांनी हात धरला. ‘अगं, अख्खा भोपळा बाईने पहिल्यांदा चिरू नये. भावाला बोलाव.’ भाऊ झोपला होता, त्याला उठवून आणलं. त्याने डोळे चोळत सुरी घातली आणि पुन्हा जाऊन झोपला. भाचीने विचारलं, हा इस्लामी रिवाज आहे का? आपाने सांगितलं, हा खालच्या मजल्याचा रिवाज आहे.

कॅनडात भोपळ्याचा गर डब्यात मिळतो, चांगला घट्ट. आपल्याकडचा भोपळा पाणीदार. म्हणून फोडी उकडायच्या नाहीत, भाजायच्या, आणि गर पातळ फडक्यात बांधून टांगून ठेवायचा, चक्क्यासारखा. दीड किलो भोपळ्यातून पाऊण किलोहून कमीच गर हाती आला. एका पायाला चारशे ग्रॅमच्या आसपास पुरतो. पारीसाठी दीडशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम थंडगार लोणी, चिमूटभर मीठ आणि बर्फाचं पाणी, तेही मोजून तीनचार चमचे. लोणी मैद्यात विरघळता कामा नये, त्याचे बारीक खडे राहायला हवेत. भट्टीत तेच वितळतात, त्यांच्या जागी वाफ धरते आणि पारी खुसखुशीत होते. मार्चमधल्या मुंबईत हे कसं जमायचं? आंटींनी मैदा, परात आणि लाटणं असं सगळंच फ्रीजमध्ये ठेवायला लावलं. पारी थाळीत घालून तिच्यावर कागद आणि कागदावर राजमा पसरला, म्हणजे भाजताना ती फुगत नाही. नंतर कागद काढून सारण ओतायचं.

आता गोडाची पाळी. अम्मीने कपाट उघडलं आणि एक बाटली भाचीच्या हातात दिली. भाचीने झाकण फिरवलं. आम्ही सगळे रोजेदार, चाखायचा प्रश्नच नव्हता. रमजानात घरातल्या बायका महिनाभर वासावर स्वयंपाक करतात, मिठाचा अंदाजसुद्धा वासावर. अम्मीने बाटली नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. मग म्हणाली, ‘ही तर काकवी. पातळ केलेली. आणि थोडा चुलीचा धूर.’

भाचीने शाळेच्या सहलीत मेपलचं बन पाहिलं होतं. ती सांगत गेली आणि भाऊ मराठीत आणत गेला. हिवाळा सरताना, रात्री बर्फ आणि दिवसा ऊन अशा हवेत, झाडाला भोक पाडून रस काढतात. तो पाण्यासारखा असतो, साखर जेमतेम दोन टक्के. तो उकळत ठेवतात. चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक होतो. जगातल्या मेपल पाकापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास एकट्या क्वेबेक प्रांतातून येतो. पण ही विद्या मुळात गोऱ्यांची नाही, तिथल्या आदिवासींची आहे. आमच्यातल्या शिक्षिकेने तिथल्या तिथे गणित घातलं: पाव लिटरच्या बाटलीसाठी झाडाने किती रस दिला? भाचीने उत्तर दिलं, दहा लिटर.

मग अम्मी सांगू लागली. तिच्या लहानपणी गोव्याकडून माडाचा गूळ यायचा, काळा, मऊ. माडाचा पोय कापून मडकं बांधतात. भल्या पहाटे उतरवलेला रस गोड असतो, ती नीरा. ऊन चढेपर्यंत ठेवली की ती आंबून माडी होते आणि आपल्याला हराम. लगेच चुलीवर आटवली की तिचाच गूळ, आणि तो हलाल. रस एकच, नंतर त्याचं काय करता त्यावर सगळं. हे माहीमलाही नवीन नव्हतं. आज जिथे गाड्यांची रांग लागते तिथे एके काळी माडांचं घनदाट बन होतं. इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत त्याचं नाव ‘माहीम वूड्स’ असं येतं. भंडारी लोक त्या माडांवर चढत आणि त्यांच्या माडीवर सरकार कर घेई. मुंबईत पाव आला तेव्हा गोव्याच्या पाववाल्यांनी पीठ आंबवलं तेही माडीनेच. झाडाचा रस आटवून गोड करायची युक्ती क्वेबेकच्या आदिवासीला सुचली, तशीच आमच्या किनाऱ्यावरच्या माणसालाही सुचली. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

पाय ओव्हनमध्ये गेला. आधी तेज आचेवर पंधरा मिनिटं, मग आच उतरवून पाऊण तास. कड घट्ट व्हावी आणि मधला भाग थाळी हलवल्यावर थरथरावा, तेव्हा काढायचा. पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवला तर अंडं आक्रसतं आणि वर भेग पडते. गरम असताना कापायचा नाही, दोनतीन तास निवू द्यायचा. इफ्तारनंतर आम्ही खाल्ला. आंटींना तुकडा दिला, तर त्यांनी हात जोडले. त्यांचाही उपवासकाळ चालू होता. ५ मार्चच्या राखेच्या बुधवारपासून त्यांनी गोड सोडलं होतं, ते ईस्टरपर्यंत. आपल्या ओव्हनमधल्या पायाचा वास तेवढा त्यांनी घेतला. त्यांचा तुकडा डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात गेला, २० एप्रिलच्या ईस्टरसाठी.

अम्मीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘हा तर भोपळ्याचा खरवस.’ नाव ठरलं.

भोपळ्याला आमच्या घरी आणखी एक मान आहे. हजरत अनस यांची हदीस आहे. एका शिंप्याने प्रेषितांना जेवायला बोलावलं. जवाची रोटी, आणि भोपळा व सुकवलेलं मांस घातलेला रस्सा होता. प्रेषित ताटातल्या भोपळ्याच्या फोडी शोधून खात होते. ते पाहिल्यापासून अनस यांनाही भोपळा आवडू लागला. अम्मीने ही गोष्ट नातीला सांगितली. हजरत युनूस माशाच्या पोटातून किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांच्यावर अल्लाने याच जातीच्या वेलीची सावली धरली, हेही सांगितलं. आमच्यातल्या शिक्षिकेने हळूच सांगितलं की हदीसमधला ‘दुब्बा’ म्हणजे आपला दुधी. लाल भोपळा त्या काळी अरबस्तानात पोचलेलाच नव्हता. उर्दूत दोघांनाही कद्दू म्हणतात, त्यामुळे गल्लत होते. अम्मी म्हणाली, ‘नाव एक, वेल एका घराण्याची. सुन्नत थोडी इकडेतिकडे झाली तर अल्ला समजून घेईल.’ भाची पहिल्यांदा मोठ्याने हसली.

ईदला येणारे-जाणारे चाळीसेक. सहा पाय लागणार होते. आंटींच्या ओव्हनमध्ये एकावेळी एक मावतो. मग बेकरी. मुंबईतल्या मुस्लिम वस्त्यांत ईदच्या आधी नानखटाई घरी मळतात आणि भाजायला बेकरीत नेतात. मैदा, तूप, पिठीसाखर घरची, ट्रे आणि भट्टी बेकरीची. चिठ्ठीवर नाव घालायचं आणि आपल्या पाळीची वाट पाहत बसायचं. तिथे ओळखी होतात, मुलींची लग्नं जमतात. आमच्या बेकरीची भट्टी लाकडाची. रात्री पाव भाजून झाले की आच उतरत जाते, आणि उतरत्या आचेवर नानखटाई होते. त्या दिवसांत तिथे चर्चा मात्र दुसरीच होती. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात आदेश दिला होता की शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा विजेवर न्याव्यात. मुदत जुलैची. धूर आमच्याही छातीत जातो, आदेश चुकीचा कसा म्हणणार? पण उत्तर प्रदेशातून आलेले म्हातारे कारागीर म्हणाले, ‘गॅस को नंबर होता है, इस को मिज़ाज होता है.’

पाय त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. भाचीने किती अंश ते सांगितलं. त्यांनी भट्टीत मैद्याची चिमूट टाकली, ती किती वेळात तांबूस होते ते पाहिलं आणि म्हणाले, ‘अभी नहीं. खटाई निकलने दो.’ नानखटाईचे ट्रे निघाल्यावर अर्ध्या तासाने त्यांनी सहाही थाळ्या लांब फळीने आत सारल्या. तीन मेपलचे, तीन दादरहून आणलेल्या काकवीचे. मेपलच्या आणखी दोन बाटल्या त्यात संपल्या, पहिलीतलं उरलेलंही गेलं. काकवी मेपलपेक्षा दाट, म्हणून त्या तिघांत साय थोडी वाढवली. केव्हा काढायचे हे अम्मीने त्यांना एका वाक्यात सांगितलं, ‘बीच में खरवस जैसा हिलना चाहिए.’ त्यांना अंशांपेक्षा ते बरोबर समजलं.

तो रविवार होता, ३० मार्च. त्याच दिवशी गुढीपाडवा. काकूंच्या खिडकीत सकाळपासून गुढी होती आणि त्यांच्याकडून श्रीखंडाची वाटी आणि साखरेची गाठी आली होती. संध्याकाळी चंद्र दिसला. एकाच दिवशी खालच्या मजल्यावर नवं वर्ष आणि वरच्या मजल्यावर चांदरात.

रात्री उशिरा आपा आणि अम्मी शीरखुर्म्याचा सुका मेवा कापत बसल्या होत्या. आम्ही मेंदी लावत होतो, हात अडकलेले, उठणार कसे? अम्मी अचानक म्हणाली, ‘त्या दिवशी फोन तुझ्या भावाच्या हातात होता. पण तू रडत होतीस ते मला ऐकू येत होतं. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू सगळं सोडून आली असतीस आणि पोर तिकडे राहिली असती.’ आपा बदाम कापत राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘अब्बांना शेवटी काय खावंसं वाटलं होतं?’ अम्मी म्हणाली, ‘काही नाही. पेज मागितली होती.’ मग दोघी अब्बांबद्दल बोलत राहिल्या, पहाटेपर्यंत. चार वर्षांचं साठलेलं होतं.

ईदच्या दिवशी सकाळी नमाज, शीरखुर्मा, कब्रस्तान, आणि दुपारी अखनी पुलाव. शेवटी दस्तरखानावर सहा पाय आले. भाचीने स्वतः कापले, कडेपासून मध्यापर्यंत, शिस्तीत आठआठ तुकडे. कुठला मेपलचा आणि कुठला काकवीचा हे कुणाला सांगितलं नव्हतं. मेपलचा फिकट, सुवासिक, काकवीचा काळसर, जिभेवर जरा रेंगाळणारा. पुरुषांना मेपलचा आवडला, म्हाताऱ्यांना काकवीचा. फुप्पीने काकवीचा तुकडा खाल्ला, मग आणखी एक घेतला. काही बोलली नाही. जाताना तिने भाचीला ईदी दिली आणि विचारलं, ‘पारीत लोणी किती घातलंस?’ भाचीला ‘लोणी’ कळलं नाही. तिने बोटांनी दाखवायला सांगितलं, आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या.

रिकामी थाळी परत पाठवायची नाही, हा आमच्या जिन्यातला जुना नियम. काकूंकडे गेलेली थाळी पुरणपोळी घेऊन आली. आंटींनी ईस्टरनंतर आपला तुकडा खाल्ल्याचा निरोप दिला: ‘बर्फात राहून पारी थोडी मऊ झाली, पण चव राहिली.’ बेकरीत आता गॅस आला आहे. कारागीर म्हणतात, नानखटाई होते, पण पाळीची वाट पाहणारे कमी झाले, कारण पाळी आता लवकर येते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपा आणि भाची परत गेल्या. अम्मीने सामानात माडाच्या गुळाच्या दोन ढेपा बांधून दिल्या. विमानतळावर निघताना ती नातीला म्हणाली, ‘घरी ये लवकर.’ पाहुणी म्हणाली नाही. चौथी बाटली कपाटात आहे, बंद. ती आता कुणाची वाट पाहते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तिच्याकडे पाहून कुणाच्या घशात काही अडकत नाही.

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार. तिकडे सकाळ, इकडे रात्र. भाचीचा फोन आला. तिने त्या वर्षीच्या आभाराच्या जेवणाला मेपल घातलंच नव्हतं, नानीचा गूळ विरघळवून घातला होता. ओव्हनचं दार उघडून तिने फोन आत धरला. अम्मीने चष्मा चढवला, पडदा नाकाशी आणला आणि विचारलं, ‘मधे हलतंय का?’

भाचीने थाळी हळूच हलवली.

‘हलतंय,’ अम्मी म्हणाली. ‘काढ आता.’